आधी माळवदावरची माती उतरवा

प्रश्न : आमचं गाव वसमत तालुक्यात. २०२४ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये ४.५ चे धक्के बसले. जमिनीतून गुडगुड तर अधूनमधून येतेच. घर आजोबांच्या वेळचं माळवदाचं आहे. पारावर म्हणतात, ‘बारक्या धक्क्यांनी जमिनीतला जोर निघून जातो, आता मोठा येत नाही.’ खरं का?
— एक वाचक, जि. हिंगोली

उत्तर : पारावरचं गणित चुकतंय. भूकंपाचं माप एकाने वाढलं की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. किल्लारीचा भूकंप ६.२ चा. तुमच्याकडचे साडेतीनशेक धक्के एकत्र केले तर तेवढी ऊर्जा होईल. पण म्हणून मोठा येणारच, असंही नाही. १९९२ मध्ये किल्लारीत लहान धक्के बसले आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तो भूकंप झाला. डहाणू-पालघरकडे मात्र २०१८ पासून धक्के चालू आहेत, मोठा आलेला नाही. तारीख सांगणारा भेटला तर चहा पाजून वाटेला लावा.

किल्लारी तेव्हा नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होती. २००२ मध्ये तो विभागच रद्द झाला. आपल्या भागात ताण फार सावकाश साठतो, म्हणून पणज्यांच्या आठवणीतही भूकंप नसतो.

भूकंपानंतर दुरुस्तीच्या कामावर मी इंजिनिअर होतो. कित्येक घरांत लाकडी खांब-तुळया उभ्या आणि भिंती मात्र आत कोसळलेल्या. दोन-अडीच फुटांची भिंत पाहून माणसाला धीर येतो. पण ती असते दगडाच्या दोन पदरांची, मध्ये माती आणि चुरा. हादऱ्याने पदर सुटतात. वर दर पावसाळ्यात गळतीसाठी टाकलेली पांढरी माती, साठत साठत फूट-दीड फूट झालेली.

तेव्हा आधी ती माती कमी करा, पण घरातली माणसं बाहेर काढून आणि थोडी थोडी. मग भिंतीत जागोजागी आरपार दगड किंवा सळईसह काँक्रीटचे सांधे घाला, खांब-तुळईला तिरपे टेकू द्या. आरपार सांध्यासाठी दगड काढताना एका वेळी एकच. गवंडी घाईत असेल तर दुसरा बघा. हे होईस्तोवर पत्र्याच्या खोलीत झोपा, आणि पत्र्यांवर वाऱ्यासाठी ठेवलेले दगड काढून हूक-बोल्ट आवळून घ्या.