फ्रँकलिनला लंडनमध्ये ‘भारतीय जेवण’ कोणी पाठवलं?

एका वाचकांनी विचारलंय: अमेरिकी मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिनच्या पत्रांचा मराठी अनुवाद वाचताना, लंडनहून बायकोला लिहिलेल्या एका पत्रात ‘तू पाठवलेलं भारतीय जेवण सुखरूप पोचलं’ असं वाक्य आलं. अठराव्या शतकात फिलाडेल्फियात भारतीय जेवण मिळायचं का? आणि जहाजातून एवढे आठवडे जाऊन ते नासलं कसं नाही?

मिळत नव्हतं. आणि नासलं नाही, कारण ते जेवण नव्हतंच, पीठ होतं. मूळ शब्द ‘इंडियन मील’. इंडियन म्हणजे मका, मील म्हणजे भरड दळलेलं पीठ. त्याच वाक्यात, त्याच्या अगदी शेजारी, बकव्हीट आहे. बकव्हीट म्हणजे आपल्याकडे उपासाला चालतो तो कुट्टू. अनुवादकाने शेजारी नुसतं डोकावून पाहिलं असतं तरी कळलं असतं की इथे डबा नाही, पिठाची पोती उतरतायत. घरापासून इतकी वर्षं लांब राहिलेल्या माणसाला तिकडून आलेली कुठलीही वस्तू घरासारखी वाटते, असं फ्रँकलिन तिथे बायकोला, डेबोराला, लिहितो. साधं, हळवं वाक्य आहे. त्याची आपण पार्सल सेवा करून टाकली.

ही चूक मी पहिल्यांदा पाहत नाहीये. एका व्याख्यानात वक्त्याने ‘फ्रँकलिनला आपलं भारतीय जेवण फार प्रिय होतं’ असं ठोकून दिलं आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मी मागच्या रांगेत होतो, गप्प बसलो. तेव्हाचं उट्टं आज काढतो.

मील हे इंग्रजीत दोन वेगळे शब्द आहेत, योगायोगाने एकसारखे झालेले. जेवण या अर्थाचा मील मुळात ‘माप, ठरलेली वेळ’ या अर्थाचा. लांबून तो आपल्या ‘मात्रा’च्या कुळातला लागतो. पीठ या अर्थाचा मील दळण्यावरून आला, आणि ‘मिल’ म्हणजे गिरणी ही त्याची चुलत बहीण. पण कृपा करून अनुवादात ‘कॉर्नफ्लोर’ लिहू नका. ते मंच्युरियनला लावायचं पांढरं स्टार्च. डेबोराच्या पोत्यात तसलं काही नव्हतं. ‘मक्याचं पीठ’ लिहा, फार तर ‘मक्याचा भरडा’.

आता ‘कॉर्न’. इंग्लंडात कॉर्न म्हणजे कुठलंही धान्य, किंवा नुसता दाणा. म्हणून तिथले 1815 ते 1846 पर्यंतचे ‘कॉर्न लॉज’ म्हणजे धान्याचे कायदे, मक्याचे नव्हेत. ‘कॉर्न्ड बीफ’मध्येही मका नाही, तिथे कॉर्न म्हणजे खड्यांचं मीठ. अमेरिकेत गेलेल्या इंग्रजांनी आधी ‘इंडियन कॉर्न’ म्हटलं, म्हणजे इथल्या लोकांचं धान्य. मग कोणी मागचा शब्द गाळला, कोणी पुढचा. न्यू इंग्लंडात गव्हावर तांबेरा पडून पीक हातचं जायचं, म्हणून राय (गव्हासारखं एक धान्य) आणि मका अर्धाअर्धा घालून पाव भाजत. त्याचं नावच ‘राय अँड इंडियन’. तिकडे अ‍ॅबिगेल अ‍ॅडम्स जून 1779 मध्ये फ्रान्समधल्या नवऱ्याला, पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेल्या जॉनला, महागाईचं रडगाणं कळवते: मजुरी दिवसाला 6 ते 8 डॉलर, कॉर्न बुशेलला (हे धान्याचं माप) 25 डॉलर, राय 30. इथे ‘धान्य 25, राय 30’ असं भाषांतर केलंत तर वाचक विचारणारच, राय काय धान्य नाही? कॉर्न म्हणजे इथे मकाच.

सबंध जातीचं नाव एकाच पिकाने बळकावणं, यात नवल काय? आपण तेच करतो. दाणा कशाचाही असतो, पण वाण्याला ‘पाव किलो दाणे द्या’ म्हटलं की तो शेंगदाणेच देतो. दाण्याचं कूट म्हणजे ज्वारीचं कूट असं कुणालाही वाटत नाही. (हा भुईमूगही दक्षिण अमेरिकेतूनच आलेला, पण तो विषय नंतर कधीतरी.)

फ्रँकलिन मक्याचा मोठाच कैवारी. लंडनच्या एका वर्तमानपत्रात कोणीतरी लिहिलं की मका पचायला जड, त्यावर अमेरिकन लोकांची न्याहारी व्हायची नाही. फ्रँकलिनने जानेवारी 1766 मध्ये ‘होमस्पन’ या टोपणनावाने उत्तर दिलं: भाजलेलं कोवळं कणीस म्हणजे वर्णनापलीकडचा मेवा, आणि विस्तवावरून उतरलेला गरम हो-केक, म्हणजे मक्याच्या पिठाची भाकरी, यॉर्कशायरच्या मफिनपेक्षा सरस. (पावसात लिंबू-मीठ चोळलेलं कणीस खाल्लेल्याला हे समजावून सांगायला नको.) त्याच दमात तो सॅम्प, हॉमिनी, सकोटॅश, नोकहॉक ही मक्याच्या पदार्थांची नावं घेतो. सगळी तिथल्या मूळ लोकांच्या, अल्गाँक्वियन कुळातल्या भाषांची. यातलं शेवटचं म्हणजे मका भाजून केलेलं पीठ. प्रवासात पाण्यात कालवून खायचं, थेट आपल्या सातूच्या पिठासारखं. पदार्थांना नावं त्यांची घेतली आणि माणसांना नाव दिलं ‘इंडियन’. कोलंबसाची चूक शाळेतल्या पोरालाही माहीत आहे, ती सोडतो.

मला हे लिहायला बसवलंय ते खरं म्हणजे आपल्या ‘मका’ या शब्दाने. तो कुठून आला?

कोशवाल्या मंडळींतले काही जण सांगतात, मक्याच्या ‘मेझ’ या इंग्रजी नावावरून. मुळीच नाही. मेझ हा कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो भाषेतला शब्द, स्पॅनिशमधून इंग्रजीत आला. आपल्याला नव्या जगाची पिकं आणून दिली पोर्तुगीजांनी, आणि त्यांच्याबरोबर नावंही आली: बटाटा, काजू, अननस. पोर्तुगीज मक्याला ‘मिल्यू’ म्हणतात. म्हणजे मक्याला पोर्तुगीज नाव चिकटलं असतं तर ते ‘मिल्यू’सारखं काहीतरी झालं असतं. शिवाय मेझमधल्या झ-चा क कोणत्या नियमाने होतो, ते मला एकदा कागदावर मांडून दाखवा. दुसरा पक्ष याहून धाडसी आहे: कर्नाटकातल्या सोमनाथपूरच्या तेराव्या शतकातल्या होयसळ मंदिरात मूर्तीच्या हातात कणीस आहे, म्हणून मका आपलाच! मूर्तीच्या हातात कणीस आहे की दागिन्यासारखं काही, की फळ, यावर वाद आहे. आणि समजा कणीस निघालं, तरी त्याने शब्दाचा उगम कसा लागणार? दगड बोलत नाही.

माझं मत सरळ आहे: मका म्हणजे मक्केचा. कसं, ते बघा. इटालियनमध्ये मका ‘ग्रानोतुर्को’, तुर्की धान्य. जुन्या फ्रेंचमध्येही तुर्कस्तानचा गहू. इंग्रजांच्या 1597 च्या एका वनस्पतिग्रंथातही तुर्की गहू. बरं, तुर्क तरी त्याला आपलं म्हणतात का? नाही, ते म्हणतात ‘मिसिर’, म्हणजे इजिप्त! ज्याने त्याने हे पीक वाटेतल्या शेजाऱ्याच्या नावावर घातलं. सुरतेहून हाजची गलबतं लाल समुद्राला जात-येत होती, त्या वाटेने आलेल्या मालाला मक्केचं नाव पडलं तर ते या सगळ्या पंगतीत नेमकं बसतं. गलबताची पावती माझ्याकडे नाही. पण ‘मेझ’वाल्यांकडे तरी कुठे आहे? आणि हीच रीत आपल्या अंगणातही आहे: विलायती चिंच. झाड मेक्सिकोकडचं, विलायतेने ते कधी पाहिलंही नसेल. बाहेरून आलं ना, मग विलायती. अमेरिकेतल्या इंग्रजांचं ‘इंडियन’ हे बरंचसं आपलं ‘विलायती’च.

चिंचेचा विषय निघालाच आहे तर हेही सांगतो. अमेरिकी पत्रव्यवहारात जिथे ‘इंडियन’ दिसतं तिथे भारत शोधू नका. भारत सापडतो तो ‘टॅमरिंड’ या शब्दात. अरबी ‘तमर हिंदी’, हिंदुस्थानी खजूर. वनस्पतिशास्त्रज्ञ चिंचेचं मूळ घर आफ्रिका सांगतात ते वेगळं. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1753 मध्ये तिचं नाव ‘टॅमरिंडस इंडिका’ ठेवलं, म्हणजे एकाच नावात दोनदा हिंदुस्थान.

ही चिंच मला भेटली ती जॉर्ज वॉशिंग्टनच्या 2 जुलै 1766 च्या पत्रात. वेस्ट इंडीजला निघालेल्या एका जहाजाच्या कप्तानाला लिहिलेलं आहे. पत्रासोबत टॉम नावाचा गुलाम पाठवतोय, तो कुठल्याही बेटावर येईल त्या किमतीला विकावा आणि बदल्यात आणावं: उत्तम काकवीचा एक हॉग्सहेड (मोठं पिंप), उत्तम रमचा एक, चांगली आणि स्वस्त मिळाली तर एक बॅरल लिंबं, सुमारे 10 पौंड चिंचेचं एक मडकं, मिठाईची पाच-पाच पौंडांची दोन लहान मडकी, आणि उरलेल्या पैशांची जुनी दारू. वाण्याकडे यादी द्यावी तसं. अनुवाद करणाऱ्याने इथे ‘टॅमरिंड’ला ‘एक मसाल्याचा पदार्थ’ अशी तळटीप टाकू नये. सरळ ‘चिंच’ लिहावं. मराठी वाचकाच्या जिभेवर ती चव आहे. मडक्याच्या बदल्यात माणूस गेला, हे त्याला चवीसकट कळू दे.

राहिला हॉग्सहेड. शब्दशः ‘डुकराचं डोकं’, डचांमध्ये बैलाचं. डोक्याचा संबंध कुणालाच नीट लावता आलेला नाही. मराठीत ‘पिंप’ लिहा आणि निर्धास्त राहा. हे पिंपही पोर्तुगीज ‘पिपा’वरून आलेलं, आणि इंग्रजीत दारूच्या मोठ्या पिंपाला ‘पाइप’ म्हणतात तो त्याचाच भाऊबंद. वॉशिंग्टन 1759 मध्ये मदेरा बेटाची उत्तम जुनी दारू मागवतो ती ‘एक पाइप’. तिथे कुणी ‘नळीभर’ असं भाषांतर केलेलं आढळलं तर मला जरूर कळवा.