गाइडच्या फाइलला कुलूप कोणाचं?

(या वेळचा विषय : दातांच्या इम्प्लांटचं प्लॅनिंग करणारी सॉफ्टवेअर. उत्तरं देणाऱ्या ताई डेंटल लॅबमध्ये आधी हाताने मेणाचे दात घडवायच्या. आता दिवसभर स्क्रीनवर जबडे फिरवतात.)

प्रश्न : ताई, खालची दाढ गेली, तिथे इम्प्लांट बसवायचं आहे. डॉक्टरांनी स्कॅन काढला, तोंडात एक कांडी फिरवून दातांचा ठसा घेतला आणि प्लॅनिंगचे पैसे वेगळे लावले. कॉम्प्युटरवर आखल्यावर चूक होत नाही ना?

होते. पण साधारण किती होते ते मोजलेलं आहे, म्हणून तेवढी जागा आधीच सोडता येते. गाइड (तोंडात बसणारा, ड्रिलला वाट दाखवणारा छापलेला साचा) वापरून बसवलेल्या इम्प्लांटच्या बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा 2018 मध्ये आला. त्यात आखलेली जागा आणि प्रत्यक्ष जागा यांतला सरासरी फरक इम्प्लांट हाडात शिरतं तिथे 1.2 मिलिमीटर, त्याच्या आतल्या टोकाशी 1.4 मिलिमीटर आणि कोनात साडेतीन अंश निघाला. ही सरासरी आहे, म्हणजे काही केसमध्ये याहून जास्त. खालच्या जबड्यातल्या नसेच्या वर आम्ही निदान 2 मिलिमीटर मोकळे सोडतो ते यासाठीच.

माझ्या टेबलावर तुमची केस आली की काय होतं ते सांगते. सीबीसीटी स्कॅनमध्ये (जबड्याच्या 3डी एक्स-रेमध्ये) ती नस स्वतः दिसत नाही, ती जिथून जाते तो हाडातला बोगदा दिसतो. त्याच्या कडेकडेने एकेक ठिपका देत मी जाते, मग सॉफ्टवेअर तो बोगदा रंगवून देतं. त्यानंतर दाढ कुठे हवी ते ठरवायचं, आणि स्क्रू, म्हणजे इम्प्लांट, सगळ्यात शेवटी. हाड चांगलं दिसलं म्हणून आधी स्क्रू टाकून मोकळं व्हायचं आणि दाढ मागाहून त्यावर कशीबशी बसवायची, असं काम मी मेणाच्या जमान्यात भरपूर पाहिलंय. शिव्या लॅबनेच खाल्ल्यात.

खरी गोम मात्र वेगळीच असते. स्कॅनमधलं हाड आणि कांडीने घेतलेला दातांचा ठसा या दोन वेगळ्या फाइली. त्या एकमेकींवर तंतोतंत बसवायच्या, याला आम्ही मॅचिंग म्हणतो. एका पेशंटच्या तोंडात जुन्या धातूच्या कॅप भरपूर होत्या. धातूमुळे स्कॅनमध्ये पांढऱ्या रेघांचं जंजाळ होतं, दाताची कड नेमकी कुठे संपते ते कळत नाही. मी मॅचिंग केलं, स्क्रीनवर बरं दिसलं, गाइड छापलं, दातांच्या छापलेल्या मॉडेलवर टक्कन बसलं. मी खूश. बसणारच होतं की! मॉडेलही त्याच ठशावरून छापलेलं. ठसा हाडाच्या तुलनेत सरकलेला असेल तर मॉडेलला त्याचा पत्ताच नसतो. डॉक्टर जुने, खमके. पहिलं बारीक ड्रिल मारल्यावर थांबून एक्स-रे काढला, दिशा चुकलेली दिसली आणि गाइड बाजूला ठेवलं. पेशंटला काही झालं नाही. मला मात्र दोन दिवस जेवण गेलं नाही. आता कॅपवाली केस आली की मी तीन वेगवेगळ्या ठिकाणी उभा-आडवा छेद घेऊन दाताची रेघ जुळते का ते बघते, आणि नाही जुळली तर स्कॅन परत मागते. लोक चिडतात, चिडू देत.

तर तुमचे पैसे या तासाभराच्या कामाचे आहेत. डॉक्टरांना एवढंच म्हणा, ‘माझा प्लॅन स्क्रीनवर दाखवा, आणि नस किती लांब आहे ते सांगा.’ चांगल्या डॉक्टरला हे विचारलेलं आवडतं.

प्रश्न : मॅडम, मी नुकतीच प्रॅक्टिस सुरू केली आहे. इम्प्लांट कंपनीचा माणूस म्हणतो सॉफ्टवेअर आमचंच घ्या. मित्र म्हणतो ब्लू स्काय प्लॅन फुकट मिळतं, पैसे का घालवतेस? डेमो पाहिले तर सगळी सारखीच वाटतात. नेमकं काय बघून घ्यायचं?

डॉक्टर, सारखी वाटतात कारण काम एकच आहे. फरक बघायचा असेल तर स्क्रीन बघू नका, विकणारा आणखी काय विकतो ते बघा.

1990च्या दशकात सिमप्लांट आलं तेव्हा प्लॅनिंग हाच धंदा होता. पुढे ते बेल्जियमच्या मटेरिअलाइजकडे होतं, 2014 मध्ये डेंट्सप्लायने घेतलं. म्हणजे इम्प्लांट विकणाऱ्याच्या घरात गेलं. कोडायग्नॉस्टिक्स स्ट्राउमानच्या घरात आहे, डीटीएक्स स्टुडिओ नोबेल बायोकेअरच्या; दोघीही इम्प्लांट कंपन्याच. कोपनहेगनच्या थ्रीशेपला स्कॅनर विकायचे असतात. फिनलंडच्या प्लॅनमेकाचं रोमेक्सिस त्यांच्या सीबीसीटी मशीनबरोबर येतं. जर्मनीतल्या डार्मस्टाटचं एक्सोकॅड आम्हा लॅबवाल्यांचं लाडकं. 2020 मध्ये दात सरळ करणारे पारदर्शक अलाइनर बनवणाऱ्या अलाइनने तेही विकत घेतलं. एकट्या सॉफ्टवेअरवर पोट भरणारे फार कमी उरलेत. बाकीच्यांसाठी तो उंबरठा आहे, तुम्ही आत यावं म्हणून सारवून ठेवलेला.

ब्लू स्काय प्लॅनबद्दल तुमचा मित्र खोटं बोलत नाही. आखणी खरंच फुकट करता येते. गाइडची फाइल छापायला बाहेर काढायची म्हटलं की पैसे. मला हा व्यवहार प्रामाणिक वाटतो, कारण वर्षभरात तीनच गाइड केली तर तीनाचेच पैसे जातात. वार्षिक लायसन्सचं घड्याळ मात्र तुम्ही रजेवर असलात तरी चालू असतं. शिकायला म्हणून तर ते जरूर उतरवून घ्या आणि जुन्या केसचे स्कॅन टाकून हात बसवा.

विकत घ्यायचंच असेल तर कंपनीच्या माणसाला खुर्चीत बसवून तीन गोष्टी विचारा. तुम्ही वापरता त्या इम्प्लांटची लायब्ररी (म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये भरलेले नेमके आकार) आहे का, हे सगळेच विचारतात. त्याच्या पुढचं विचारा : तुमच्याकडे असलेल्या गायडेड किटची (गाइडमधून चालवायच्या ड्रिलच्या संचाची) लायब्ररी आहे का? इम्प्लांटचं चित्र असणं आणि किटचा हिशेब असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. गाइडमधली धातूची स्लीव्ह (ड्रिल जिच्यातून जातं ती नळी) हाडापासून किती वर बसते त्यावर कोणत्या लांबीचं ड्रिल घ्यायचं ते ठरतं. इम्प्लांट एकाचं, किट दुसऱ्याचं, स्लीव्ह तिसऱ्याची अशी खिचडी असली की ड्रिल किती खोल जाईल ते सॉफ्टवेअर सांगत नाही, तुम्हालाच कागदावर बेरीज करावी लागते. हात भरलेले असताना ती बेरीज चुकते.

दुसरं, गाइड साध्या एसटीएल फाइलमध्ये (कुठल्याही 3डी प्रिंटरला चालणाऱ्या) बाहेर निघतं का, की त्यांच्याच प्रिंटरकडे किंवा त्यांच्याच केंद्राकडे पाठवावं लागतं?

तिसरं कोणीच विचारत नाही, म्हणून मी ठणकावून सांगते. लायसन्स संपल्यावर जुन्या केस उघडतात का? आमच्याकडे तीन वर्षांपूर्वीचा एक पेशंट शेजारचा दात गेला म्हणून परत आला. दरम्यान आम्ही त्या सॉफ्टवेअरचं लायसन्स बंद केलं होतं. फाइल आमच्या हार्डडिस्कवर, आखलेली माझ्या हाताने, आणि स्क्रीनवर लायसन्स नूतनीकरणाची पाटी. फोन केला तर पलीकडून अगदी गोड आवाजात पॅकेजांची नावं ऐकवली. मूळ डायकॉम स्कॅन (स्कॅनची सगळीकडे उघडणारी फाइल) आणि ठसा वेगळा ठेवला होता म्हणून निभावलं, पण आखणी पुन्हा पहिल्यापासून. आता केस संपली की मूळ स्कॅन, ठसा, गाइडची एसटीएल आणि प्लॅनचा पीडीएफ रिपोर्ट एका फोल्डरमध्ये जातो, तो कुठल्याही सॉफ्टवेअरच्या भरवशावर नाही.

आणि खरं विचाराल तर पहिले काही महिने काहीच घेऊ नका. केस लॅबला किंवा प्लॅनिंग करून देणाऱ्याला पाठवा, पण आखणी सुरू असताना शेजारी किंवा स्क्रीन शेअर करून बसा. एक गोष्ट तर कुठलंच सॉफ्टवेअर सांगणार नाही : पेशंटचं तोंड किती उघडतं. गाइडमधून जाणारं ड्रिल नेहमीपेक्षा लांब असतं, वर हँडपीसची (ड्रिल फिरवणाऱ्या मुठीची) उंची. शेवटच्या दाढेपाशी ते आतच जात नाही. आखण्याआधी बोटं घालून मोजा. आणि गाइडने झाकलेल्या हाडापर्यंत पाणी नीट पोचत नाही, हाड तापतं, तेव्हा ड्रिल वर-खाली करत राहा. हे तुम्हाला कोणीतरी सांगितलंच असेल, पण राहवत नाही.

प्रश्न : मी मेडिकल इमेजिंगमध्ये प्रोग्रामर आहे. मित्रांसोबत असं सॉफ्टवेअर काढायचा विचार आहे. नस आपोआप शोधणारं एआय आम्ही बनवलं आहे. बाजारात जागा आहे का?

नस शोधणारे आता बरेच आहेत. अभिनंदन, पण त्यावर धंदा उभा राहील असं मला वाटत नाही. माझी ठिपके देण्याची काही मिनिटं वाचतात, आणि तरी मी सगळी रेघ तपासतेच.

तुमचं घोडं लायब्ररीपाशी अडेल. इम्प्लांटचे नेमके आकार कंपन्यांकडून करार करून घ्यावे लागतात, आणि प्रतिस्पर्ध्याच्या घरातली कंपनी ते आनंदाने देईलच असं नाही. शिवाय हे वैद्यकीय उपकरण मानलं जातं. युरोपात 26 मे 2021 पासून लागू झालेल्या नियमांत उपचाराचा निर्णय घ्यायला मदत करणारं सॉफ्टवेअर सहसा वरच्या वर्गात जातं, म्हणजे बाहेरच्या संस्थेची तपासणी आली. आणि तुम्ही सीटी स्कॅनवर काम केलं असेल तर जपून : सीबीसीटीतल्या करड्या छटा मशीनगणिक बदलतात, त्यावरून हाड किती घट्ट आहे याचा आकडा छातीठोक सांगता येत नाही. तरी कित्येक स्क्रीनवर तो आकडा ऐटीत झळकतो.

जागा कुठे आहे ते माझ्या फोनमध्ये बघा. डॉक्टर मला स्क्रीनचा तिरपा फोटो काढून पाठवतात, त्यावर बोटाने काढलेला लाल बाण, खाली ‘जरा मागे घ्या’. जरा म्हणजे किती? मागे म्हणजे घशाकडे की गालाकडे? प्लॅन शेअर करायच्या सोयी बहुतेकांकडे आहेत, पण लॉगिन, पासवर्ड, अपडेट यात डॉक्टरांचा पेशंट खुर्चीत बसून राहतो, मग तो लाल बाणच येतो. डॉक्टरांनी फोनवर इम्प्लांट स्वतः बोटाने सरकवावं आणि मला इकडे मिलिमीटरमध्ये दिसावं, एवढं करा. मी पहिली गिऱ्हाईक.

प्रश्न : रोबो आले म्हणतात. मग गाइड आणि तुम्ही दोघीही घरी?

योमी नावाच्या रोबोला अमेरिकेत 2016च्या डिसेंबरमध्येच परवानगी मिळाली. तो डॉक्टरांचा हात ठरलेल्या वाटेवर धरून ठेवतो. ती वाट आधी कोणीतरी आखावीच लागते. गाइड घरी जाईल कदाचित, मी नाही.

प्रश्न : आईला वरचा एकही दात नाही. डॉक्टरांनी कवळीला ठिपके चिकटवून स्कॅन काढला आणि म्हणाले आणखी एक काढायचा. दोनदा किरणं कशाला? तिचं वय झालंय.

दुसरा स्कॅन आईचा नाहीच, नुसत्या कवळीचा आहे. ती फोमच्या तुकड्यावर ठेवून मशीनमध्ये ठेवतात, आई बाहेर खुर्चीत बसलेली असते. कवळीचं प्लास्टिक आणि हिरडी पहिल्या स्कॅनमध्ये जवळपास सारखीच पुसट दिसतात, वेगळी काढता येत नाहीत. ठिपके मात्र दोन्ही स्कॅनमध्ये ठळक उमटतात. ठिपक्यांवर ठिपके बसवले की हाडाखाली नेमकी कवळी कुठे आहे ते कळतं, आणि त्याच कवळीच्या आकाराचं गाइड बनतं.

काळजी किरणांची नको, कवळीची करा. ती ढिली असेल तर पहिल्या स्कॅनमध्ये कवळी आणि हिरडी यांच्यामध्ये हवेची काळी रेघ दिसते. कवळी जेवढी सैल बसली तेवढंच गाइडही सैल बसणार. अशी रेघ दिसली की मी केस परत पाठवते. आईची कवळी बोलताना हलत असेल तर डॉक्टरांना आत्ताच सांगा, आधी ती आतून भरून घट्ट करून घेतील आणि मग पहिला स्कॅन पुन्हा काढतील.