वीज काढलेल्या पाण्याचा कस

प्रश्न : कोयना धरणाच्या पायथा वीजगृहातून सोडलेले पाणी नदीवाटे आमच्या उसाला मिळते. वीज काढून घेतल्यावर पाण्यात कस उरत नाही, असे गावातील जुनी माणसे सांगतात. यात कितपत तथ्य आहे?
– एक वाचक, कराड तालुका

उत्तर : वीज पाण्यातून निघत नाही, ती पाण्याच्या पडण्यातून निघते. कोयना प्रकल्पाच्याच, घाटाखालच्या पोफळी येथील वीजगृहात धरणातले पाणी सुमारे पावणेपाचशे मीटर खाली उतरते आणि नोझलमधून तासाला तीनशे किलोमीटरहून अधिक वेगाने बाहेर पडून पेल्टन चक्राच्या, म्हणजे वाट्या बसवलेल्या टर्बाइनच्या, वाट्यांवर आदळते. प्रत्येक वाटीच्या मधोमध एक धारदार कणा असतो. त्यावर झोत दुभंगतो, वाटीच्या वळणावरून जवळजवळ उलटा फिरतो आणि आपला वेग चक्राला देऊन खाली गळून पडतो. एवढ्या उंचीवरून आलेल्या हजार लिटर पाण्यामागे जेमतेम सव्वा युनिट वीज मिळते. हेच पाणी घाटातून नुसते कोसळले असते, तर ती ऊर्जा उष्णतेत जाऊन पाणी साधारण एक अंशाने तापले असते. म्हणजे वीज काढल्याने फरक पडतो तो इतकाच, आणि पिकाला तो जाणवण्याचे कारण नाही.

पाण्यात खरोखर काही संपत असते, तर पोफळीचे अवजल, म्हणजे वीज काढून बाहेर पडलेले पाणी, कोळकेवाडी धरणात साठवून, पुन्हा उतार मिळताच, कोयना प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात त्यावरच ३२० मेगावॅट क्षमतेचे संच चालवता आले नसते.

जुन्या माणसांचे निरीक्षण मात्र अगदीच निराधार म्हणता येणार नाही. पुराबरोबर शेतात येणारा गाळ धरणानंतर कमी झाला, हे खरे आहे. पण त्याचे कारण टर्बाइन नव्हे. पाणी जलाशयात स्थिरावले की गाळ तळाशी बसतो, आणि वीजगृह बांधले नसते तरी तो तसाच बसला असता. पाण्यात विरघळलेल्या क्षारांना तर चक्राचा धक्काही लागत नाही.

आपल्या भागाने विचारण्याजोगा प्रश्न माझ्या मते वेगळा आहे. पोफळीकडे वळवलेले पाणी वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्राला मिळते, ते कृष्णेच्या खोऱ्यात परत येत नाही. म्हणूनच कृष्णेचे पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने पश्चिमेकडील या वापरावर ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली. धरणाची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी आहे हे ध्यानात घेतले, तर हा वाटा किती मोठा आहे ते कळते. पायथा वीजगृहाचे तसे नाही. तेथील दोन्ही संच पूर्ण क्षमतेने चालले की सुमारे २१०० क्युसेक (सेकंदाला घनफूट) पाणी कोयना नदीत येते, कराडला कृष्णेला मिळते आणि पुढे उपसा योजनांपर्यंत पोहोचते. सिंचनासाठी जे पाणी नाहीतरी सोडावेच लागते, त्यावरच ही ४० मेगावॅटची क्षमता उभी केलेली आहे.