आवाजावरून माणूस कळतो का?

प्रश्न: नमस्कार, आम्ही औसा तालुक्यातले. परवा दादांना अनोळखी नंबरवरून फोन आला, तुमच्या नातवाला पोलिसांनी धरलंय, लगेच पैसे टाका म्हणून, आणि त्यांनी घाबरून 40 हजार टाकले. रेकॉर्डिंग आहे. बोलणारा मधेच 'काय करूलालाव' म्हणतो, अगदी आपल्यासारखं, म्हणून घरच्यांचा संशय गल्लीतल्याच एका पोरावर आहे. आवाज तपासून नाव कळंल का?

उत्तर: ताई, आधी हात जोडून सांगते, त्या पोराला काहीच बोलू नका. 'करूलालाव' ऐकून एवढंच कळतं की माणूस लातूर-नांदेडकडं वाढला असावा, आणि तसं बोलणारे लाखो आहेत, तुम्ही पण त्यातल्याच. बाई का पुरुष हे बहुतेक वेळा कळतं कारण पुरुषाचा आवाज साधारण 100 ते 130 हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं) नि बाईचा 200 च्या आसपास, वय मात्र नुसतं अंदाजे, त्यात साधा फोन 3400 हर्ट्झच्या वरचं कापून टाकतो म्हणून स आणि श सुद्धा नीट वेगळे ऐकू येत नाहीत.

इंग्लंडमधे 1979 ला यॉर्कशायरमधल्या बायकांच्या खुन्याच्या नावानं पोलिसांना एक टेप आली. लीड्स विद्यापीठाचे स्टॅनली एलिस यांनी बोली ऐकून सांगितलं, हा संडरलंडच्या कासलटाउन भागातला, आणि ते जवळजवळ बरोबरच निघालं, पण टेपवाला खुनी नव्हताच! पोलीस ती बोली शोधत बसले आणि तेवढ्यात आणखी 3 बायका गेल्या. खरा खुनी पीटर सटक्लिफ ब्रॅडफर्डचा, 1981 ला सापडला. टेपवाला जॉन हंबल 2005 ला, तो पण पाकिटावरच्या डीएनएमुळं. हे वाचलं की मला अजून कसंतरी होतं.

नाव जुळवायचं तर संशयिताचा आवाज त्याच वाक्यांत रेकॉर्ड करून लॅबमधे ताडून बघतात, आणि तो नमुना द्यायला मॅजिस्ट्रेट सांगू शकतात, सुप्रीम कोर्टानं 2019 लाच तसं म्हटलंय. हे काम पोलिसांचं, गल्लीचं नाही.

रेकॉर्डिंग दादांच्याच फोनमधे राहू द्या, कापू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलं की क्वालिटी जाऊ शकते. आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन नंबरला अजून फोन केला नसंल तर हे वाचायचं थांबवून आधी तो लावा, पैसे पुढं सरकायच्या आत खातं गोठवता येतं.