पुण्यातला १९७६ सालचा वन बीएचके, आता घरात सहा माणसं. भिंत पाडून दुसरी बेडरूम काढता येईल का?

तुमचा प्रश्न वाचताना आमचंच घर डोळ्यांसमोर आलं. लिफ्ट नसलेली तीन मजली इमारत, ६०० चौरस फूट, दोन वाढती मुलं आणि आता गावाहून कायमचे राहायला आलेले सासू-सासरे. पुण्यातच एरंडवण्यातल्या अशाच आमच्या घराचं काम आम्ही काही वर्षांपूर्वी केलं. त्या अनुभवावरून सांगते, भिंतीचा विचार नंतर करा. आधी संडास आणि न्हाणीघराकडे बघा.

सहा माणसांच्या घरात झोपायची सोय कशीही लागते. कोणी दिवाणावर, कोणी गादी घालून. पण सकाळी साडेसहा ते आठ या वेळात शाळा, ऑफिस आणि सासऱ्यांचं पोट हे सगळं एका दारापाशी येऊन अडतं. आमच्याकडे रोज सकाळी त्यावरून कुणाचा तरी आवाज चढायचा. आमच्या कंत्राटदाराचा पहिलाच सल्ला होता की मधली भिंत काढून संडास-बाथरूम एकत्र करा, प्रशस्त दिसेल. मी जवळजवळ हो म्हणाले होते. मग लक्षात आलं की जुन्या घरात संडास वेगळा, न्हाणी वेगळी आणि बेसिन बाहेर असतं, म्हणून एका वेळी तीन माणसांचं उरकतं. एकत्र केलं की एकाचंच.

आम्ही तिन्ही वेगळं ठेवलं, आणि शिवाय न्हाणीत संडासाच्या भिंतीला लागून एक कमोड बसवला. मैल्याचा पाइप त्याच भिंतीमागे होता म्हणून हे जमलं. पाइप लांब असेल तर या फंदात पडू नका. उतार देण्यासाठी जमीन उचलावी लागते आणि म्हाताऱ्या माणसांना नेमकी तीच पायरी नडते. खालच्यांच्या स्वयंपाकघरावर किंवा झोपायच्या खोलीवर नवी मोरी तर कधीच काढू नका. दार बदलणारच असाल तर चौकट रुंद घ्या. आमचं जुनं दार जेमतेम दोन फुटांचं होतं, त्यातून आधाराला दुसरं माणूस आत जाऊ शकत नव्हतं.

आता आमची चूक सांगते. न्हाणीतला फरशीखालचा जुना कोबा उखडून नवं वॉटरप्रूफिंग केलं, पण गळतं का ते बघायला पाणी भरून फक्त एक रात्र ठेवलं आणि कंत्राटदाराच्या घाईपुढे मान तुकवून टाइल्स लावू दिल्या. दोन महिन्यांत खालच्या काकूंच्या ओट्यावर पाणी ठिबकायला लागलं. न्हाणी ट्रॅपच्या, म्हणजे जमिनीतल्या पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याच्या भोवती सांधा नीट भरलेला नव्हता. सगळ्या टाइल्स पुन्हा फोडल्या. तो खर्च तर झालाच, पण त्या बाईंनी महिनाभर ओट्यावर पातेलं ठेवून स्वयंपाक केला, याचं मला आजही वाईट वाटतं. टाइल्स लावण्याआधी पूर्ण ४८ तास पाणी साठवा आणि या काळात दोनदा स्वतः खाली जाऊन छताला हात लावून बघा.

न्हाणीघर उघडलेलंच असतं तेव्हा पाइपही बदला. जुने जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप आतून गंजाने इतके भरतात की नळाची धार बारीक होते आणि दोष टाकीला लागतो. आम्ही गरम पाण्याला सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणारे प्लास्टिकचे पाइप घातले.

आता भिंत. १९७०च्या दशकातल्या कमी मजल्यांच्या बऱ्याच इमारती लोड बेअरिंग आहेत, म्हणजे कॉलम नसतात, स्लॅबचं वजन भिंतीच पेलतात. दाराच्या चौकटीपाशी भिंतीची जाडी मोजा. गिलाव्यासकट नऊ-दहा इंच भरली आणि वरच्या-खालच्या घरातही ती त्याच जागी असेल, तर तिला हात लावू नका. साडेचार इंची असली तरी माळ्याचा स्लॅब तिच्यावर टेकलेला असू शकतो. ‘वरच्यांनी पाडली, काही झालं नाही’ हे कारण कुणाकडूनही ऐकून घेऊ नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी बोलवा, लेखी मत घ्या आणि ते जोडूनच सोसायटीकडे परवानगी मागा. तशीही ३० वर्षांहून जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, सोसायटीने दर तीन वर्षांनी करायचं असतं. ते झालंय का, हे विचारायची हीच वेळ आहे.

नवी भिंत घालतानाही वजनाचा विचार करा. दहा फूट लांब, नऊ फूट उंच, साडेचार इंची विटांची भिंत गिलाव्यासकट दोन टनांहून जास्त भरते. आम्ही हॉलचा एक भाग सिमेंट बोर्डाच्या पार्टिशनने वेगळा केला, वर दीड फूट काच ठेवली म्हणजे उजेड आत जातो, आणि सरकतं दार लावलं. ती सासू-सासऱ्यांची खोली. बाल्कनीच्या कडेवर विटांची भिंत बांधून खोली करायचा मोह मात्र टाळा, बाहेर लोंबत्या स्लॅबला ते वजन पेलवत नाही.

वायरिंग पूर्ण नवं करा, यात काटकसर नको. आमच्याकडे लाकडी पट्टीवरचं वायरिंग होतं आणि अर्थिंगचा पत्ता नव्हता. गीझर आणि एसीला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर, आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच. वीज कंपनीकडून मंजूर भारही वाढवून घ्या. पैसे वाचवायचेच असतील तर फरशीत वाचवा. जुन्या मोझॅक टाइल्स मशीन पॉलिशने इतक्या सुंदर निघाल्या की आम्ही त्या बदलल्याच नाहीत.

एक प्रश्न मात्र सगळ्याच्या आधी सोसायटीत विचारा, रिडेव्हलपमेंटचं काय? ४ जुलै २०१९च्या शासन निर्णयानंतर त्यासाठी ५१ टक्के सभासदांची संमती पुरते, त्यामुळे रखडलेला विषय अचानक पुढे सरकू शकतो. हालचाल दिसत असेल तर न्हाणीघर, पाइप आणि वायरिंग एवढंच करा, आणि कपाटं भिंतीत न ठोकता उचलून नेता येतील अशी घ्या.

वेळेचं म्हणाल तर आम्ही दोन महिने धरले होते, साडेतीन लागले. आम्ही दोन गल्ल्या पलीकडे एक खोली भाड्याने घेतली होती, म्हणून मुलांची शाळा बुडाली नाही. मोठा मुलगा पुढच्या शालेय वर्षात दहावीला जाणार असं तुम्ही लिहिलंय, तर हे काम याच वर्षी, दिवाळीनंतर लगेच सुरू करा. धूळ आणि ठोकाठोकीत त्याचा अभ्यास होणार नाही.