ड्राय आइस ब्लास्टिंगसाठी कोणते हातमोजे आणि गॉगल घ्यावेत?

ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, त्याच्या गोळ्या म्हणजे पेलेट हवेच्या दाबाने मारून साफसफाई करायची. हातमोजे थंडीसाठीचे, आतून अस्तर असलेले, मनगटाला थोडे सैल. पेलेट आत शिरली तर झटकून काढता आले पाहिजेत, ती उणे 78 अंशांवर असते. गॉगल आणि त्यावर फेसशील्ड. कानांत प्लग आणि वरून मफ, कारण आवाज 100 डेसिबलच्या वर सहज जातो. झालं तुमचं उत्तर.

पण तुम्ही जाता जाता लिहिलंय की साचे प्रेसखालच्या पिटमध्ये, म्हणजे खड्ड्यात, उतरून साफ करायचेत, आणि मशिनवाल्याने ऑक्सिजन मीटर फुकट दिलाय म्हणून काळजी नाही. हे वाचून राहवलं नाही.

चाकणला एका रबर कारखान्यात आमचं हेच काम चालायचं. पिटमध्ये गन धरून एक पोरगा, वर मी होजवर. पोरगा धापा टाकायला लागला, डोकं ठणकतंय म्हणाला. सेफ्टीवाले साहेब आले, मीटर बघितला, ऑक्सिजन 20 टक्के. म्हणाले, "मीटर ओके आहे, पोरगा उपाशी आला असेल." मी ट्रिगर सोडायला लावला आणि त्याला शिडीवरून वर ओढून घेतलं. दरवाज्यात बसवल्यावर थोड्या वेळात तो माणसात आला. साहेबांचं मत मात्र बदललं नाही. म्हणे, सोड्याच्या बाटलीतला गॅस, त्याने काय होतंय? वर माझ्यामुळे प्रेस बंद राहिली म्हणून मलाच सुनावलं.

आता तुम्ही हिशोब ऐका. एक किलो ड्राय आइसचा साधारण 540 लिटर गॅस होतो. ताशी 40 किलो उडवलं तर तासाला साडेएकवीस घनमीटर. दहा मीटर बाय दहा मीटरची, चार मीटर उंच बंद खोली घ्या. कॉम्प्रेसर बाहेरून ओढून आत सोडतो ती हवा धरली तरी तासाभरात कार्बन डायऑक्साइड 4 टक्क्यांच्या घरात जातो. 4 टक्के म्हणजे 40,000 पीपीएम, दहा लाखांत 40,000 भाग. अमेरिकेतल्या नायॉशने, म्हणजे कामगारांच्या सुरक्षेवरच्या सरकारी संस्थेने, जिवाला तत्काळ धोका म्हणून जो आकडा धरलाय, तोच हा. आठ तासांच्या शिफ्टची मर्यादा फक्त 5,000. आणि तेव्हा ऑक्सिजन किती? 20.9 चा 20. मीटरचा अलार्म लागतो 19.5 ला. म्हणजे माणूस आडवा व्हायची वेळ आली तरी मीटर गप्प. हा गॅस फक्त ऑक्सिजनची जागा खात नाही, तो स्वतःच बाधतो. त्यात हवेच्या दीडपट जड, म्हणून पिटमध्ये खोलीपेक्षाही जास्त साचतो.

तेव्हा कार्बन डायऑक्साइडचाच मीटर घ्या, खाली उतरणाऱ्याच्या छातीवर लावा. एक्झॉस्टचं तोंड पिटच्या तळाशी ठेवा, छताचा पंखा इथे शोभेचा. कॉम्प्रेसरचं हवा ओढणारं तोंड शेडच्या बाहेर. कार्बनच्या काडतुसाचा मास्क हा गॅस अडवत नाही, त्यावर विसंबू नका. वर एक माणूस कायम उभा हवा, आणि खालचा कोसळला तर त्याने मागोमाग उडी मारायची नाही. कमरेला दोर आधीच बांधलेला असला की वरूनच ओढता येतं.

बाकी नोझल तुंबलं तर आधी हवेचा दाब सोडा, मग हात घाला. साच्याला आणि मशिनला अर्थिंग द्या, स्टॅटिकचा झटका चांगलाच बसतो. उरलेली पेलेट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलीत तर डबा फुटेल.

मोठ्या उघड्या शेडमध्ये, जमिनीवर उभं राहून, दारं सताड उघडी ठेवून काम असेल तर एवढा घोर नाही, हेही सांगायला हवं. पण तुमचं काम पिटमधलं आहे. मशिनवाल्याला म्हणावं, फुकटचा मीटर परत घे आणि तेवढी सूट दुसऱ्या मीटरवर दे. नाही म्हणाला तर डिलिव्हरी घेऊ नका.