माटुंग्याच्या डॉन बॉस्कोसारख्या कॅथलिक मुलांच्या शाळांच्या परंपरा आल्या कुठून? या शाळा इंग्रजांनी काढल्या का, आणि तिथे धर्म शिकवतात का?

मी याच शाळेचा माजी विद्यार्थी आहे. त्यामुळे थोडा पक्षपात होईल, तो चालवून घ्या.

इंग्रजांचा इथे संबंध नाही. मुंबईतल्या नावाजलेल्या जुन्या कॅथलिक शाळांपैकी माझगावची सेंट मेरीज (१८६४) आणि धोबीतलावची सेंट झेवियर्स (१८६९) या जेझुइट (कॅथलिक पाद्र्यांचा एक संघ) पाद्र्यांच्या. त्या काळात इथले जेझुइट होते जर्मन. पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा इंग्रज सरकारनं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना शत्रू ठरवून नजरकैदेत टाकलं आणि नंतर मायदेशी धाडलं. त्यांची जागा पुढे स्पॅनिश जेझुइटांनी घेतली. आमची डॉन बॉस्को सेल्शियन या दुसऱ्या कॅथलिक संघाची, आणि हा संघ मूळचा इटलीतल्या तुरिनचा. सेल्शियन भारतात पहिल्यांदा १९०६ मध्ये तंजावरला आले, मुंबईत १९२८ ला ताडदेवला, आणि चाळीसच्या दशकाच्या सुरुवातीला शाळा माटुंग्याला गेली. म्हणजे झेवियर्सवाल्यांपुढे आम्ही कालचे.

परंपरा समजून घ्यायच्या तर मात्र तुरिनलाच जायला हवं. सेल्शियन संघाचा संस्थापक जॉन बॉस्को (१८१५–१८८८) हा शेतकऱ्याचा मुलगा, दोन वर्षांचा असताना वडील गेलेले. लहानपणी तो गावात दोरीवरून चालणं, हातचलाखी असले खेळ करून गर्दी जमवायचा आणि मग त्याच गर्दीला सकाळी चर्चमध्ये ऐकलेलं प्रवचन म्हणून दाखवायचा. पाद्री होऊन तुरिनला आला तेव्हा कारखाने आणि बांधकामं वाढत होती. गवंड्यांच्या हाताखालची, धुराडी साफ करणारी पोरं रस्त्यावर वाढत होती, त्यातली काही तुरुंगात जात होती. ८ डिसेंबर १८४१ ला असाच एक पोरगा थंडीतून चर्चमध्ये शिरला. त्याला मिस्साच्या (चर्चमधल्या उपासनेच्या) वेळी पाद्र्याला मदत करता येत नाही म्हणून तिथल्या सेवेकऱ्यानं त्याला काठीनं बदडून हाकललं. बॉस्कोंनी त्याला परत बोलावून घेतलं आणि विचारलं, वाचता येतं का? नाही. गाता येतं? नाही. बरं, शिट्टी वाजवता येते? पोरगा हसला. सेल्शियन लोक आपल्या कामाची सुरुवात या दिवसापासून मोजतात.

आता आमच्या 'गुड मॉर्निंग टॉक'कडे येतो. सकाळी सगळे वर्ग रांगेत उभे, प्रार्थना झाली की फादर किंवा एखादे सर दोन-तीन मिनिटं बोलणार. विषय काहीही, कालची मॅच, पेपरातली बातमी, जिन्यावर कोणी तरी टाकलेली केळीची सालं. आम्हाला वाटायचं, वेळ काढायला बोलतात. पण या प्रथेमागे एक गंमतशीर हकीकत आहे. बॉस्कोंनी सुरुवातीला काही बेघर पोरांना रात्री आसरा दिला, तर ती पहाटे ब्लँकेटं घेऊन पसार झाली! तरी त्यांनी नाद सोडला नाही. १८४७ मध्ये असाच एक अनाथ मुलगा पावसात भिजून दारात आला. बॉस्कोंच्या आईनं त्याला जेवायला घातलं, अंथरूण करून दिलं आणि निजण्याआधी कामाबद्दल, प्रामाणिकपणाबद्दल चार शब्द सांगितले. (ब्लँकेटांचा अनुभव ताजा असणार.) वसतिगृहांत हीच 'गुड नाइट'ची पद्धत पडली आणि दिवसाच्या शाळांत ती सकाळवर आली.

मैदानावर मुलांमध्ये वावरणाऱ्या आमच्या फादरांचंही तसंच. बॉस्कोंचं म्हणणं असं की चूक झाल्यावर ठोकण्यापेक्षा मुलांमध्ये सतत असावं, म्हणजे चूक होण्याआधीच थांबवता येते. मारायला त्यांचा सक्त विरोध होता. पोरांना कामाला लावताना ते मालकाशी लेखी करार करायचे आणि मारहाण करायची नाही असं त्यात घालायचे, तेही १८५०च्या सुमारास. कुर्ल्याला सेल्शियनांची आयटीआय (कामधंदा शिकवणारी संस्था) आहे, ती मला तरी माटुंग्याच्या शाळेपेक्षा या परंपरेच्या जास्त जवळची वाटते. आमच्याकडे आसपासच्या पारशी, गुजराती, तमिळ, मराठी मध्यमवर्गाचीच पोरं जास्त.

अर्थात सिद्धांत एकीकडे आणि वर्ग एकीकडे. भारताचे विकेटकीपर फारुख इंजिनीअर आणि अभिनेते शशी कपूर आमच्या शाळेत एका वर्गात होते. तासाला गप्पा मारतात म्हणून शिक्षकांनी शशी कपूरच्या दिशेनं डस्टर भिरकावलं आणि इंजिनीअरनं ते त्याच्या चेहऱ्यासमोरच झेललं. हा किस्सा इंजिनीअर स्वतः सांगतात. विकेटकीपरचा पहिला कॅच म्हणून आम्हीही तो प्रत्येक नव्या मुलाला ऐकवायचो.

क्रिकेटमध्ये मात्र आमची शाळा फार मोठी कधीच नव्हती. १९७६ ला गाइल्स शील्ड या शालेय स्पर्धेच्या फायनलला पोचली आणि सेंट मेरीजकडून हरली. पुढच्या वर्षी रवी शास्त्री कॅप्टन होता, तेव्हा ती शील्ड पहिल्यांदा शाळेत आली.

राहिला धर्म. कॅथलिक मुलांना कॅटेकिझमचा (ख्रिस्ती धर्मशिकवणीचा) तास, त्याच वेळी बाकीच्यांना मॉरल सायन्स. त्यात गोष्टी, आणि गोष्टीखाली प्रश्न. धर्मांतर वगैरे जे व्हॉट्सॲपवर फिरतं, ते मला तरी कधी दिसलं नाही. ३१ जानेवारीला डॉन बॉस्कोंचा सण असतो, त्या दिवशी अभ्यास बाजूला. शाळेशेजारच्या श्राइनमध्ये (मेरीमातेच्या चर्चमध्ये) जायची कोणावर सक्ती नव्हती. तरी दहावीच्या प्रिलिमच्या आधी जोशी, शाह, अय्यर सगळे तिथे मेणबत्ती लावून यायचे. गणिताच्या पेपरात त्याचा काही उपयोग झाल्याचं ऐकिवात नाही.